घर आपलंच समजा

नोकरी बंगळुरात आणि घर शेगावात असलेल्या माणसाने घराला कारभारी शोधण्याआधी वऱ्हाडचा इतिहास वाचावा. मी वाचला आणि मग माझ्याने कारभारी निवडवेना.

घर तसं साधं. वर इंजिनिअरिंगची पोरं, खाली एक कुटुंब, मधे जिन्याखालची एक खोली आम्ही स्वतःसाठी कुलूप लावून ठेवलेली. शेगाव खारपाणपट्ट्यातलं, नळाची तोटी वर्षभरात पावडर थापून लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागते. मग पोरं रात्री अकराला तिचा फोटो पाठवतात. मी तो बोटांनी मोठा करून पाहतो. बंगळुराहून तेवढंच करता येतं.

बंगळुरात राहून महाराष्ट्रातली मालमत्ता सांभाळणारा मी काही पहिला नव्हे. शहाजीराजेही तिथेच होते. पण पुण्याची जहागीर पाहायला त्यांच्याकडे सिंदखेडराजाच्या जिजाऊ होत्या. मी बायकोकडे आशेने पाहिलं. ती नांदुऱ्याची. म्हणाली, "इथलं चालवते ते पुरे नाही का?"

पहिला उमेदवार फोनवरच म्हणाला, "भाऊ, तुमी काइजीच नका करू. मी घर आपलंच समजून सांभायतो."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या अख्ख्या वऱ्हाडाचं एकदा असंच झालं आहे. हैदराबादच्या निजामाकडे एका फौजेचा खर्च थकला. फौजही इंग्रजांच्याच हुकमातली. त्यापायी 1853 साली त्याने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिलं. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि खर्च वजा जाता उरेल ते मालकाला. निदान हिशोब तरी द्यायचा होता. 1860 च्या तहात पन्नास लाखांचं जुनं कर्ज माफ झालं, आणि त्याबरोबर हिशोब मागायची सोयही गेली. खर्च कारभाऱ्यानेच ठरवायचा म्हटल्यावर काय उरणार? दिवाण सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळवायला जंग जंग पछाडलं, लंडनही गाठलं. उपयोग शून्य. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाखांवर कायमचा पट्टाच लिहून घेतला. पुढे 1936 मध्ये निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, असा किताब मिळाला. घर गेलं, दारावरची पाटी तेवढी राहिली.

तर 'आपलंच' समजणारा गृहस्थ बाद. दुसरे निवृत्त तलाठी. त्यांचा हात कागदावर इतका सफाईने चालतो की धीर झाला नाही. तिसरा म्हणाला, "करार कायले पायजे? आपल्याकडं माणुसकीवर चालते." त्याला कोण सांगणार, की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, खोटं पाडायची जबाबदारी मालकाची.

शेवटी शेजारच्या निवृत्त गणिताच्या बाईंना गळ घातली. पहिल्या महिन्याचा हिशोब चौकटीच्या वहीत, फोटो काढून आला: 'तोटी 320. प्लंबर 200. प्लंबरचा चहा 10. माझा चहा घरचा.' खाली दोन रेघा. तो फोटो मी ऑफिसात चौघांना दाखवला.

पुढच्या महिन्यात भाडं कमी आलं. फोन केला.

"पोरांची परीक्षा हाय," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं, पेपर झाल्यावर द्या."

"बरं."

"अन् तुमच्या खोलीत तुरीची पोती ठेवली. भाव पडलेत, मग कोण इकते?"

"माझ्या खोलीत? कुलूप होतं ना?"

"होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नवं घेतलं. हिशोबात धरलं नाही, माझ्याकडून."

"पण बाई, आम्ही दिवाळीत आलो तर राहायचं कुठे?"

"पोती विकली नसली तं माझ्याकडं उतरा," बाई म्हणाल्या. "घर आपलंच समजा."