वाल्काबाई, इतकी वर्षं होतात कुठे?

श्रीमती वाल्काबाई यांस,
मु. पो. बर्क (पूर्वीचा मुक्काम : बर्फाचा डोंगर)

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन २’ हा चित्रपट आता खऱ्या नटांना घेऊन पुन्हा काढायचं ठरलं आहे आणि २०२७ साली तो येणार असं जाहीर झालं आहे. म्हणजे आपल्याला पुन्हा ढगांतून अवतरायचं आहे, हनुवटीवरचा व्रण पाहून लेकाला पुन्हा ओळखायचं आहे आणि तासाभरात पुन्हा विधवा व्हायचं आहे. त्याआधी २०१४ पासून पोटात साठलेलं बोलून टाकावं, म्हणून हा प्रपंच.

गैरसमज नको, मी आपल्याच पक्षातला आहे. क्लाउडजंपर या चार पंखांच्या ड्रॅगनवर मुखवटा लावून, हातात काठी घेऊन आपण उभ्या राहता तेव्हा आजही अंगावर काटा येतो. ट्रेलरवाल्यांनी ‘ही हिकपची आई’ हे आधीच फोडून टाकलं होतं, तरीही येतो. भर आकाशात एका ड्रॅगनच्या पंखावरून दुसऱ्याच्या पंखावर आपण चालत जाता, खाली बघतसुद्धा नाही! आणि ती आपली दबकत, वाकून, मान तिरकी करून चालण्याची तऱ्हा! २० वर्षं माणसांत न राहिलेली बाई अशीच चालेल, हे अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांना बरोबर उमगलं होतं. वर आवाज केट ब्लँचेटबाईंचा. पोरगा पाच वर्षं टूथलेस या त्याच्या ड्रॅगनच्या पाठीवर बसतोय, पण त्या पाठीवरची पाती दुभंगतात आणि मग तो हवेत गर्रकन वळू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण एका जागी बोट दाबलंत आणि काम झालं. आई असावी तर अशी, असंच वाटलं.

फक्त ती घरी असती तर!

आमच्याकडे माहेरी गेलेली सून चार दिवस जास्त राहिली तरी परतल्यावर दारातच चौकशी आयोग बसतो. आपण तान्हं मूल पाळण्यात ठेवून २० वर्षं गेलात आणि आपली चौकशी किती झाली? हिकपने त्या गुहेत विचारायला सुरुवात केली होती : होतीस कुठे, करत काय होतीस, सगळ्यांना वाटलं तू मेलीस. पोराचा सूर चढायला लागला होता. तेवढ्यात दिग्दर्शकाने समोर हिरवागार डोंगर, धबधबे आणि शेकडो ड्रॅगन उलगडले, आणि पोरगं तोंडाचा आ वासून गप्प! शेवटी रागावला नाहीस ना, हेही आपणच विचारलंत. तो बिचारा म्हणाला, नाही, पण हे सगळं पचायला जरा जड जातंय. त्यावर आपण काय म्हणालात? निदान मी कंटाळवाणी तरी नाही ना! वाल्काबाई, हे उत्तर झालं?

आपला खुलासा मला पाठ आहे. त्या रात्री आपल्याला ड्रॅगन मारवला नाही, त्यापायी नवरा आणि मूल दोघंही मरता मरता वाचले; आपण दूर राहिलो तर ते सुखरूप राहतील असं वाटलं. पहिली काही वर्षं हे मान्य. पण पुढे बर्कवर ड्रॅगन घरोघरी नांदायला लागले, त्यांच्या शर्यती भरायला लागल्या, त्यालाही पाच वर्षं झाली. शिकाऱ्यांच्या सापळ्यांतून ड्रॅगन सोडवत आपण त्या समुद्रावर रात्री-अपरात्री हिंडत होतात. एखाद्या रात्री बर्कवरून चक्कर मारून पोराच्या खिडकीत दिवा आहे का, एवढं पाहायला क्लाउडजंपरला कितीसा वळसा पडला असता?

मग आपला नवरा स्टॉइक आला. तो प्रसंग मी अजूनही श्वास रोखून पाहतो. आपण भिंतीला पाठ लावून मागे मागे सरकताय, त्याने जे विचारावं ते सगळं स्वतःच बोलून टाकताय, आणि तो एवढा दांडगा गडी शिरस्त्राण काढून एक शब्द न बोलता जवळ येतोय. आणि बोलतो काय, तर तुला गमावलं त्या दिवशी होतीस तशीच सुंदर दिसतेस. सुंदरच प्रसंग. पण हिशेब करायला बसलेल्या माणसाने वही पाण्यात टाकावी तसंच ते झालं. गाणं झालं, नाच झाला आणि थोड्याच वेळात तो टूथलेसच्या माऱ्यापुढे लेकाच्या आडवा आला. आपण त्याच्या छातीला कान लावलात. त्यानंतर आपल्याला जाब विचारणार कोण? जळत्या नावेपुढे जुनी भांडणं काढायची आपल्यात पद्धत नाही.

खरं सांगू? आपण पटकथाकारांना झेपला नाहीत. लेखक-दिग्दर्शक डीन डेब्लुआ यांच्या आधीच्या आराखड्यात खलनायिका आपणच होतात : माणसांपासून ड्रॅगन सोडवायला निघालेली आई आणि तिच्यासमोर तिचाच मुलगा. मग म्हणे आपण फारच सहानुभूती खेचायला लागलात. खलनायकी ड्रॅगोकडे गेली. त्याच्याकडे एक तुटका हात, एक आरोळी आणि बेविल्डरबीस्ट नावाचा एक अजस्र ड्रॅगन. ऐवज एवढाच. आणि गंमत पाहा, २०१९च्या तिसऱ्या भागात हिकप स्वतःच ड्रॅगनांना माणसांपासून दूर पाठवून मोकळा झाला. माणसं बदलत नाहीत, हा आपला मुद्दा आपल्याच लेकाने मान्य केला. त्यासाठी आपल्याला भांडायची संधी मात्र कुणी दिली नाही. मूळ पुस्तकांत क्रेसिडा कॉवेल यांनी हिकपची आई वलहल्लारामा हीसुद्धा सदा मोहिमेवरच ठेवली आहे, तेव्हा घरात न सापडणं हा या खानदानाचा गुणच म्हणायचा.

तेव्हा नव्या चित्रपटात एवढंच करा. हिकपने गुहेत विचारायला सुरुवात केली की तो डोंगर दोन मिनिटं उशिरा दाखवायला सांगा. पोराला ओरडू द्या. आपणही ओरडा, आपली बाजू लंगडी नाही. मग खुशाल धबधबे दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चाहता

ता. क. : घरी चल, असं स्टॉइकने आपल्याला विचारलं तेव्हा आपल्या आधी त्याचा मित्र गॉबर यानेच ‘स्वयंपाक मी करीन’ म्हणून होकार देऊन टाकला. आपल्या हातची चव ठाऊक असलेल्या माणसाची ती भूमिका होती. ते वाक्य कुणी कापायला निघालं, तर क्लाउडजंपर सोडा त्याच्यावर.