आधी शीर्षक, प्रश्न सवडीने

पीएचडीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आराखडा लिहायचा तर आधी प्रश्न शोधावा, असं सांगणारे काही लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. प्रश्न सापडला की उत्तर शोधणं आलं. त्यापेक्षा ‘चिकित्सक अभ्यास’ एवढं टाइप करून घ्या आणि त्या शब्दांच्या आधी जागा सोडा. विषय मागाहून बसतो. विशेष संदर्भ आपलाच जिल्हा, कालखंड वीस वर्षं. वीसच का, असं कुणी विचारत नाही. सतरा लिहिलंत की विचारतात.

ओळखीतल्या एका मुलीने भलताच उद्योग केला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती बहुधा नवऱ्याच्या हातात; फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते, आणि ती फेडायला फडात दोघंही. मग मुकादमाच्या वहीत बाईचं नाव असतं का? बस, एवढाच प्रश्न. दोन तालुके, चाळीस कोयते. मुकादमाने वही दाखवली नाही तर काय करायचं, हेही लिहिलेलं. समिती चक्रावली. ‘गृहीतक कुठाय? महिलांना समस्या आहेत, एवढं तरी धरा!’ धरलं. आता शीर्षक आहे ‘ऊसतोड महिलांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. वही गेली, प्रश्नावली आली. नमुना निवड ‘सोयीस्कर’. ही संशोधन पद्धतीतली अधिकृत संज्ञा आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही.

‘संशोधनाचे महत्त्व’ मात्र जपून लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात एका उपमुख्यमंत्र्यांनीच विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? तेव्हा दिव्यांचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात हवा, जमल्यास संख्येसह.

राहिलं उचलेगिरीचं. यूजीसीचा २०१८ चा नियम स्पष्ट आहे: दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. आणि दिव्यांच्या त्याच डिसेंबरात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी चाळणी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच, जशीच्या तशी, असं म्हणत परीक्षार्थी केंद्राबाहेर आले. आता त्यात साम्य किती टक्के, हे मोजण्यासारखं आहे. आराखडा कुणी करणार असेल तर शीर्षक मी देतो. गाईड मात्र तुम्ही शोधा.