पावइंचराव

हे गृहस्थ तुमच्याही ओळखीत आहेतच. पुण्यात असले तर त्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली लॅम्ब्रेटा असते, आमच्या डेट्रॉइटकडे असले तर १९६६ची मस्टँग. गाडी दोन्हीकडे ‘झालीच आहे’ या अवस्थेत असते आणि वर्षानुवर्षं तिथेच असते. तुम्ही चहाला म्हणून जाता आणि हातात बॅटरी धरून उभे राहता. चहा वहिनी आतून देतात, पण पिणार कसा? एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात अर्ध्या इंचाचा पाना.

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या आमच्या गृहस्थांचं खरं नाव आता मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरच उरलंय. बाकी सगळे त्यांना पावइंचराव म्हणतात. त्याला कारण हेडर.

मूळ मस्टँगच्या व्ही-एट इंजिनाला दोन्ही बाजूंना धूर बाहेर नेणारे बिडाचे मॅनिफोल्ड असतात. आखूड, जाड, धटिंगण. चार सिलिंडरांचा धूर त्यात एकमेकांच्या अंगावर येतो. त्यांच्या जागी बसवायच्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळते आणि एकाचा धूर बाहेर धावताना मागे जी ओढ तयार होते, ती पुढच्याचा धूर खेचून घेते. १९६५च्या शेल्बी जीटी ३५०वर ‘ट्राय-वाय’ जातीचे हेडर होते : चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक. पावइंचरावांना तेच हवेत. इथवर तक्रार नाही. माणसाला काहीतरी हवं असावंच.

घोटाळा पॉवर स्टिअरिंगचा. आजच्या गाडीत ते निमूट एका पेटीत बसलेलं असतं. त्या मस्टँगमध्ये मात्र सगळा संसार उघड्यावर. चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्यावर एक व्हॉल्व्ह आणि त्या दांड्याला ढकलायला एक लांबलचक हायड्रॉलिक सिलिंडर, ज्याला सगळे ‘रॅम’ म्हणतात. हा रॅम ड्रायव्हरच्या बाजूला, खाली टांगलेला. आणि डावा हेडर उतरतो तो नेमका त्याच्याच डोक्यावर. रॅमचं टोक खाली घेणारी ब्रॅकेट बाजारात मिळते. ती रावांनी आणली. इंजिनाचे माउंट सैल केले, जॅक लावून इंजीन उचललं, हेडर खालून वर सरकवला, सगळं कसलं. मग गाडीखालून आवाज आला, “पाव इंच! फक्त पाव इंच कमी पडतंय हो!”

त्या दिवसापासून त्यांच्या जगाचं माप ठरलं. मंडळाच्या गणपतीचं मखर दारातून आत जाईना, तेव्हा बाकीचे हळहळत होते आणि राव टेप लावून म्हणाले, “पाव इंच.” (खरं तर चांगलं वीतभर मोठं होतं.) मंडळाच्या निवडणुकीत ते सपाटून आपटले, “पाव इंचाने गेली.” डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तर घरी येऊन वहिनींना म्हणाले, “काही विशेष नाही, पाव इंच वर आहे.” एकदा मुलीला बघायला आलेल्यांचा नकार आला. मी सांत्वनाला गेलो. रावांनी माझ्या हातात बॅटरी दिली, गाडीखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, “मुलगा चांगला होता हो. पाव इंचात राहिला.”

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. सगळ्यात सोपा म्हणजे पॉवर स्टिअरिंग काढून टाका. तो प्रस्ताव स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच निकालात निघाला. “ते काढलंत तर तुमचं ते चाक तुम्ही एकटेच फिरवा. माझा खांदा आधीच धरलाय.” दुसरा उपाय, आखूड हेडर. त्यावर राव असे बघतात, जणू आपण त्यांना एकादशीला अंडं खायला सांगितलं.

मग मोजमाप सुरू झालं. दोन भागांत नेमकं अंतर किती, हे चिकणमातीचा गोळा मध्ये ठेवून बघतात. रावांनी कणीक वापरली. वहिनी पोळ्यांना बसल्या की हे परातीतून लिंबाएवढा गोळा उचलणार, हेडर आणि रॅमच्या मध्ये चिकटवणार, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणार आणि चपटलेली कणीक व्हर्नियरने मोजणार. हायड्रॉलिकचा जुना व्हॉल्व्ह गळतोच, त्यामुळे गोळा परत येई तो लाल तेलात माखून. एकदा तो चुकून परातीशेजारीच राहिला. त्या रात्री त्यांच्याकडे पिझ्झा मागवला होता.

शेवटी त्यांनी हातोडी काढली. त्याआधी तासभर माझं बौद्धिक घेतलं होतं : नळ्यांची लांबी सारखी का हवी, नळी आतून गुळगुळीत का हवी, जराशी अडचण आली तरी प्रवाह कसा बिघडतो. मग नळी गॅसने लाल केली आणि तिला स्वतःच्या हाताने हा एवढा पोचा पाडला. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, “एवढं चालतं.”

रावांनी आयुष्यभर काय केलं, ते मला फार उशिरा कळलं, तेही वहिनींकडून. एका मोठ्या मोटार कंपनीत त्यांनी मॅनिफोल्डच आखले. कंप्युटरच्या पडद्यावर दोन भाग नको तितके जवळ आले की तिथे लाल दिसतं. ते लाल पुसायचं, हीच नोकरी. ते आखत ती वस्तू गाडीत बसली की वरून उष्णता अडवणारं पत्र्याचं झाकण पडे. गाडी विकत घेणाऱ्याला ती जन्मात दिसत नसे. आता कंपनी विजेच्या गाड्यांच्या मागे लागली आहे आणि विजेच्या गाडीला धूरच नाही. रावांना बॅटरी थंड ठेवणाऱ्या नळ्यांवर बसवलंय. “पगार तोच आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण पूर्वी घरी येऊन भांडायचे ऑफिसातल्या लोकांशी, मनातल्या मनात. आता काहीच बोलत नाहीत.” गराजमधून ठोकण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे मान वळवली. “एवढाच काय तो आवाज.”

गाडी झाली. खरोखर झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर गाड्या बघतात. रॉयल ओकला रावांनी गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि शेजारी हात बांधून उभे राहिले. पोरं आली, लाल रंगाबरोबर फोटो काढून गेली. एकाने विचारलं, चार्ज कुठून करतात? राव नम्रपणे म्हणाले, “पेट्रोल पंपावर.”

मग सत्तरीचे एक अमेरिकन आजोबा आले. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. गुडघे धरत खाली वाकले, रस्त्याला गाल टेकवून आत डोकावले आणि ओरडले, “पॉवर स्टिअरिंग ठेवूनसुद्धा?” राव त्यांच्याशेजारी आडवे झाले. पाठोपाठ आणखी दोघे. गाडीखालून फक्त आठ बूट दिसत होते.

वहिनींनी डबा उघडला. धपाटे होते. आम्ही दोघांनी खायला घेतले. बरेच झाले तेव्हा मी विचारलं, “रावांसाठी ठेवायचे का?”

“तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या. “आता कुठे रॅम झालाय. व्हॉल्व्ह अजून सांगायचाय.”