तुकतुकीत चेहऱ्यांची सर्वसाधारण सभा

रविवारच्या पुरवणीत नितळ त्वचेची दिनचर्या छापून येते. रात्री आठ तास झोप, दिवसाला तीन लिटर पाणी, सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात जाणं टाळा, ताण घेऊ नका, ताजी फळं खा, मन प्रसन्न ठेवा. ही यादी तंतोतंत पाळणारा महाराष्ट्रात एकच वर्ग आमच्या पाहण्यात आहे: निलंबित अधिकारी. निर्वाह भत्ता खात्यात जमा होतो, उन्हात जायचं कारण उरत नाही, झोपेला कुणी हरकत घेत नाही आणि विभागीय चौकशी संपायची कसलीच शक्यता नसल्याने ताणही नसतो. असा माणूस पुन्हा रुजू होतो तेव्हा अख्खं खातं त्याच्या गालांकडे बघत राहतं. (गेंड्याच्या कातडीचा विनोद इथे वाचकांनी आपापला करून घ्यावा. आमची मंत्रालयात कामं असतात.)

उरलेल्या जनतेला बदलापूरहून पहाटेची लोकल गाठायची असते, नाहीतर हिंजवडीच्या चौकात पहिल्या गिअरमध्ये म्हातारं व्हायचं असतं. त्यांच्यासाठी बाटल्या काढल्या आहेत.

पूर्वी त्वचेची निगा हा वार्षिक कार्यक्रम होता. नरक चतुर्दशीला अंधारात उठवून, आधी तेल आणि मग वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला कचोरा असलं काय काय कुटून केलेलं उटणं अंगाला खसाखसा चोळत. मोती साबणाची नवी वडी निघे. झालं, वर्षाचा हिशेब चुकता. मधल्या काळात थंडीने पाय फुटले तर कोकमतेल, टाचेला वजरी, ओठाला तूप. यामुळे त्या पिढीची त्वचा फार सुंदर होती, असं आता सगळेच सांगतात. आम्ही जुने अल्बम काढून पाहिले. फोटो कृष्णधवल आहेत. काहीही सिद्ध होत नाही.

बाजार तेव्हाही होताच. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हापासून मराठी चेहरा साबण विकतो आहे. आणि मराठी माणसाने क्रीम काढलं तर ते थेट न्यायालयातच गेलं. विकोचं हळदीचं क्रीम हे आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, हा प्रश्न अबकारी खात्याने १९७० च्या दशकात उपस्थित केला, कारण दोन्हींचा कर वेगळा. औषधच, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं होतं. म्हणजे पहिल्या नोटिशीच्या दिवशी ज्या कॉलेजकन्येने ते गालाला लावलं असेल, तिला अंतिम निकाल वाचायला चष्मा लागला असणार.

आता मात्र निगा वार्षिक राहिलेली नाही. ती दिवसातून दोनदा असते, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी, आणि तिच्या पायऱ्या कोरियातून मोजून आल्या आहेत. वन बीएचकेच्या एकाच बाथरूममध्ये एक जण टोनर वाळायची वाट पाहत उभा असतो आणि बाहेर दोघं दार वाजवत असतात. ज्या घरात अॅसिड म्हटलं की संडास घासायची बाटली आठवायची, तिथे आता सायीच्या भांड्याशेजारी तीन अॅसिडं नांदतात: हायलुरॉनिक, सॅलिसिलिक, ग्लायकोलिक. दहावीला विज्ञानात कसेबसे पास झालेले लोक नायसिनामाइड पाच टक्के बरं की दहा, यावर वाद घालतात. ते बी-३ जीवनसत्त्वच आहे हे सांगायला गेलं तर म्हणतात, "काका, तुम्हाला कळणार नाही." आमची भाची आठवीत आहे. तिने वाढदिवसाला वार्धक्य रोखणारं रेटिनॉल मागितलं. तिच्या अक्कलदाढा अजून यायच्या आहेत.

यात गंमत अशी की सॅलिसिलिक अॅसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रांपर्यंत पोचतं, हायलुरॉनिक पाणी धरून ठेवतं, रेटिनॉल रात्री लावायचं असतं, हे सगळं खरंच आहे. खोटं एवढंच की हे सगळं एकाच चेहऱ्याला, एकाच आठवड्यात लागतं. त्वचेच्या डॉक्टरला फी देऊन विचारा. सौम्य क्लिन्झर, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, एवढीच तीन नावं तो चिठ्ठीवर लिहितो. पेशंट चिठ्ठी उलटी करून मागे काही आहे का बघतो आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तीन वस्तूंत भक्ती भागत नाही.

शिवाय त्वचेचा स्वभाव कुणी लक्षात घेत नाही. वरचा थर साधारण चार आठवड्यांत आपोआप नवा होतो. त्याच्यावर आम्लाचं एक पातळ आवरण असतं, पीएच पाचच्या आसपास. आपण तिथे नऊ-दहा पीएचचा साबण, कढत पाणी आणि काथ्याची घासणी घेऊन जातो, ते आवरण खरवडून काढतो आणि मग तेच आवरण 'बॅरिअर रिपेअर' या नावाने डबीतून विकत आणतो. पाणी कोमट ठेवलं, आंघोळ थोडक्यात आवरली आणि अंग ओलसर असतानाच काहीतरी स्निग्ध लावलं, तर निम्मं काम होतं. पण कोमट पाण्याची रील कोण बघणार?

सनस्क्रीनबद्दल आम्हाला आदर आहे. ते खरोखर उपयोगी आहे, त्यामुळे त्याची थट्टा करणं अवघड जातं. एसपीएफ १५ असेल तर अतिनील-बी किरणं सुमारे ९३ टक्के अडतात, ३० ला ९७ आणि ५० ला ९८. आता ९७ आणि ९८ टक्क्यांत नेमका काय फरक असतो, हे दहावीच्या निकालाच्या दिवशी मराठी पालकाला जसं उमगतं तसं जगात कुणाला उमगत नाही. म्हणूनच तो पन्नासचीच ट्यूब घेतो आणि वाटेल ते पैसे मोजतो. घरी आणल्यावर मात्र संस्कार जागे होतात. तर्जनी आणि मधलं बोट भरून तोंडा-मानेला लावायचं आणि उन्हात असलात तर दोन तासांनी पुन्हा लावायचं, असा नियम आहे. प्रयोगशाळेतला आकडा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने काढलेला असतो. आपल्याकडे मटाराच्या दाण्याएवढं घेऊन तिघांत पुरवतात. ट्यूब संपत आली की तिच्यावरून लाटणं फिरतं, शेवटी कात्रीने पोट फाडून आतलं पुसून घेतात. पन्नासचा एसपीएफ असा गृहकृत्यदक्ष हातात पडला की पन्नास राहत नाही.

आणि दहा ते चार उन्हात जाऊ नका, हा सल्ला तर आम्ही आमच्या सोसायटीच्या वॉचमनला वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, माझी ड्युटी आठ ते आठ."

रंगाचं प्रकरण एवढं हसण्यावारी नेता येत नाही. फेअर अँड लव्हली १९७५ साली आलं. २०२० साली त्यातला 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' घातला. नामांतराने प्रश्न सुटतो यावर आपला विश्वास जुनाच आहे. पुरुषांसाठी वेगळी ट्यूब २००५ साली निघाली. तोवर ते बायकोची चोरून लावत, आता उघड लावतात, यालाही समानता म्हणायची. वधुवर सूचक मंडळाच्या फॉर्मवरचा 'गोरी, निमगोरी, गहूवर्णी' हा रकाना काही ठिकाणी गेला. अपेक्षा तोंडी सांगतात. आषाढीला विठोबाचं सावळं रूप पाहून डोळे पुसणारी मंडळीच सांगतात.

या अपेक्षेपायी केमिस्टच्या काउंटरवर जे चालतं ते कोणत्याही रीलमध्ये दिसत नाही. "दादा, ती गोरं करणारी ट्यूब द्या," म्हटलं की मिळते ती पुष्कळदा स्टिरॉइडची असते. पहिले पंधरा दिवस चेहरा असा उजळतो की शेजारीण नाव विचारते आणि तीही नेते. मग कातडी पातळ होते, लालभडक होते, गालावर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस आणि पुरळ येतात. थांबवलं तर आग होते म्हणून पुन्हा लावतात. हे इतकं सर्रास झालं की त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' असं या आजाराचं बारसंच करून टाकलं. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. बंदी कागदावर नितळ आहे, एक डाग नाही. पारा घातलेल्या क्रीमची तर गोष्टच निराळी. कायद्याने चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारा दहा लाखांत एक भाग चालतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्याचा माग काढत एका गोरेपणाच्या क्रीमपर्यंत जावं लागलं. त्वचा मऊ होण्याच्या वाटेवर मूत्रपिंड लागतं, हे डबीवर छापलेलं नसतं.

असो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेकडे वळू, कारण या विषयाचा खरा निकाल तिथे लागला.

उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे टँकर येतात. पाणी बोअरचं, क्षारांनी गच्च. नळाच्या तोटीवर पांढरी पुटं, गीझरच्या कॉइलवर चुना. साबणाला फेस येत नाही म्हणून माणूस आणखी चोळतो. क्षार आणि साबण मिळून जो चिकट साका होतो तो अंगावरच राहतो. बाहेर येईपर्यंत कातडी तडतडते. विषय क्रमांक चार होता: टाकीला सॉफ्टनर बसवणे. फ्लॅटमागे खर्च साडेतीन हजार.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर उठले. "कॉर्पस फंडाला हात लागणार नाही."

"हात नाही लावत, वर्गणी काढतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"आम्ही सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीत असतो. आम्हाला निम्मं लावा."

"भाडेकरू जास्त आंघोळ करतात. मालकांनी का भरायचं?"

"आमचे आजोबा विहिरीवर आंघोळ करायचे. ब्याण्णव वर्षं जगले." यावर टाळ्या पडल्या. आजोबांना साडेतीन हजार कुणी मागितले नव्हते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बी विंगमध्ये एक तरुण डॉक्टर राहते, त्वचारोगतज्ज्ञ. ती उभी राहून शांतपणे म्हणाली, "सॉफ्टनरने इसब बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण साबण कमी लागेल, नीट निघेल. माझ्याकडे कोरडेपणा नि खाज घेऊन तुमच्यातलेच बरेच जण येतात."

"मॅडम, तुम्ही भाडेकरू ना?" चेअरमन आदराने म्हणाले. "सभेत बोलायची पद्धत नाही. पण खाली भेटा, माझ्या मानेवर एक चट्टा आलाय."

ठराव फेटाळला गेला. आम्ही सहज मागच्या रांगेत चौकशी केली. ज्या ताईंनी सगळ्यात जोरात विरोध केला, त्यांचं व्हिटॅमिन सीचं सीरम, नाइट क्रीम आणि डोळ्यांखालचं जेल मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या वरच जातं. "ते माझं आहे," त्या म्हणाल्या. "सॉफ्टनर सगळ्यांचा झाला असता."

मागच्या वर्षी समोरच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं, तेव्हा कडेची झाडं वाचवायच्या निवेदनावर अकरा सह्या झाल्या होत्या. सावली गेली. त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुठलं सनस्क्रीन चिकट होत नाही यावर जी चर्चा रंगली, तिच्यात मात्र साठ जणांनी भाग घेतला होता. अॅडमिनला ग्रुप रात्रीपुरता बंद करावा लागला, म्हणजे त्या रात्री काही लोकांची आठ तास झोपही झाली.

विषय क्रमांक पाच, महिला दिनाचा कार्यक्रम, एकमताने मंजूर. एक कंपनी क्लब हाउसमध्ये मोफत त्वचा-तपासणीचं यंत्र लावणार. यंत्र गालावर ठेवलं की त्वचेचं वय सांगतं. मागच्या वर्षीही लावलं होतं. सगळ्यांचं वय बारा वर्षांनी जास्त आलं होतं आणि जाताना प्रत्येकीला कूपन मिळालं होतं. चेअरमनांचं आलं होतं ऐंशी, पण ते म्हणे यंत्र चार्ज नव्हतं.

विषय क्रमांक सहा आयत्या वेळी घेतला. पाण्यामुळे सर्वांचीच त्वचा कोरडी पडते ही वस्तुस्थिती लक्षात घेऊन मॉइश्चरायझर घाऊक दराने घ्यावं, अशी सूचना न्यू जर्सीवाल्यांनी केली. सेक्रेटरींनी फोन लावला. दोनशे बाटल्या घेतल्या तर पंधरा टक्के सूट. बँक मॅनेजरांनी हा खर्च देखभालीत दाखवायचा की सांस्कृतिकमध्ये, एवढीच शंका काढली. सांस्कृतिकमध्ये दाखवायचं ठरलं. साडेतीन हजार रुपये तत्त्वतः द्यायला कुणाचीच हरकत नव्हती, हेही या निमित्ताने इतिवृत्तात आलं.

विषय क्रमांक सात: गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीवर सावलीसाठी पत्रा टाकणे. वेळेअभावी पुढील सभेत.