म्युनिसिपालटीचा गोल्फर

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात वीसेक वर्षं काढलेल्या मराठी इंजिनिअरच्या आयुष्यात एक टप्पा येतो. घराचे हप्ते बरेचसे फिटलेले असतात, मुलं फक्त वायफाय बंद पडलं की हाक मारतात, आणि बॅडमिंटनला गुडघे नाही म्हणू लागतात. काहीजण अशा वेळी ध्यानधारणेकडे वळतात, काही ढोल-ताशा पथकात शिरतात, उरलेले गोल्फ धरतात. या उरलेल्यांत एक नमुना असतो. तो तीन मित्रांना गाडीत घालून मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर गोल्फ ट्रिप काढतो, आणि तिथं जाऊन पेबल बीचच्या प्रसिद्ध कोर्सवर मात्र खेळत नाही. परवडत नाही म्हणून नव्हे. पगार विचाराल तर तुम्हीच हे वाचायचं सोडून द्याल. “पैसे आहेत हो, प्रश्न तत्त्वाचा आहे,” हे त्याचं आवडतं वाक्य.

पेबल बीचवरच्या एका फेरीला आता सहाशेहून जास्त डॉलर पडतात. काठ्या वाहायला कॅडी घेतला तर तो वेगळा, त्याची टीप आणखी वेगळी. आणि वेळ आधीपासून पक्की करायची तर त्यांच्याच रिसॉर्टमध्ये मुक्काम करा. हे सगळं आपल्या गृहस्थांना तोंडपाठ असतं. तिथं नेमानं खेळणाऱ्यांनाही दर इतके तपशीलवार ठाऊक नसतील.

त्याचं खरं प्रेम आहे ते शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या म्युनिसिपल कोर्सवर. गावच्या मालकीचा, कुणीही यावं, पैसे भरावेत आणि खेळावं. पेबल बीचच्या एका फेरीच्या पैशांत इथे कित्येक फेऱ्या होतात. पहिले नऊ होल चँडलर इगनने १९३२ साली आखलेले. ते घरांच्या आणि एका दफनभूमीच्या कडेकडेनं जातात. हरणं दोन्हीकडे सारख्याच निवांतपणे चरतात. मग रस्ता ओलांडला की वाळूच्या टेकड्या, समोर पॅसिफिक आणि १८५५ पासून अखंड जळत आलेलं पॉइंट पिनोसचं दीपगृह. हे मागचे नऊ होल १९६० चे, आणि आखणारा कोण? जॅक नेव्हिल! ज्यानं डग्लस ग्रँटबरोबर पेबल बीच आखलं, तोच. हे नाव उच्चारताना आपल्या गृहस्थांचा आवाज चढतो. “डोकं तेच, समुद्र तोच. पॅसिफिकला काय कळतंय, तुम्ही कुठल्या गेटच्या अलीकडे उभे आहात ते?” गेट म्हणजे पेबल बीचकडे नेणाऱ्या सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह या रस्त्याचं. त्याच्या आत गाडी घालायला टोल भरावा लागतो. अर्थात आपण अलीकडेच थांबल्यामुळे तोही वाचलेला असतो, आणि हिशोबात धरलेला असतो.

गावच्या रहिवाशांना दर आणखी कमी, हे कळल्यापासून त्याला चैन नाही. एकदा त्यानं बायकोसमोर विषय काढलाही, की इथंच एखादं घर घेतलं तर. “फेरीमागे काही डॉलर वाचावेत म्हणून दुसरं घर?” तिनं विचारलं. त्यावर त्यानं एक्सेल शीट उघडली. ती अजून मिटलेली नाही.

सामान सगळं सेकंडहँड. काठ्या कुणा निवृत्त दंतवैद्याच्या गॅरेज सेलमधल्या, चेंडू कॉस्टकोचे. बॅगेच्या ज्या कप्प्यात इतर लोक पावसाळी जॅकेट ठेवतात, तिथं फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं आणि थर्मासात चहा. नवव्या होलनंतर इतर लोक हॉटडॉग घ्यायला जातात. हा बाकावर बसून फॉइल उलगडतो आणि लोणच्याचं तेल लागलेल्या बोटांनी पुन्हा काठी धरतो. त्यानंतर काठी दोनदा सुटते, एकदा चेंडूपेक्षा लांब जाते.

खेळतो कसा? या प्रश्नाला त्याच्याकडे जे उत्तर आहे, ते गोल्फच्या इतिहासात कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही. २००० साली टायगर वूड्सनं पेबल बीचवर यूएस ओपन पंधरा फटक्यांनी जिंकलं. चार फेऱ्या, एकूण २७२ फटके, म्हणजे फेरीला अडुसष्ट. “आजच्या दरानं त्याला एक फटका नऊ-दहा डॉलरना पडला असता. मी संध्याकाळच्या स्वस्त ट्वायलाइट रेटमध्ये खेळतो आणि एकशे अठरा मारतो. माझा फटका डॉलरच्या आत!” म्हणून सुधारणा करण्याची त्याला घाई नाही. शिकवणी लावली तर एकीकडे फीचा खर्च, दुसरीकडे फटक्याचा भाव वाढणार.

तो खुलतो तो आइस प्लांटमध्ये. दक्षिण आफ्रिकेतून येऊन या किनाऱ्यावर ठाण मांडलेली ही मांसल पानांची जाडजूड वेल. चेंडू आत गेला की गेला. शहाणा माणूस दंडाचा फटका घेऊन पुढे जातो. हा पँट वर करून आत शिरतो. कचकच आवाज येत राहतो, मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे, आणि दूरवरून रेंजरची गाडी येताना दिसते. पाच मिनिटांनी गृहस्थ बाहेर येतात ते स्वतःचा चेंडू न घेता, पण लोकांचे सहा घेऊन. परवा त्यातल्या एकावर एकाकी सायप्रसचं चित्र निघालं. पेबल बीचचं चिन्ह! त्यानं तो रुमालानं पुसून तिघांच्या नाकासमोर फिरवला. “बघा, तिकडचेसुद्धा शेवटी इकडेच येतात.”

फेरी झाली की दीपगृह मागे घेऊन फोटो. तो लगेच फॅमिली ग्रुपवर, खाली मजकूर: ‘पेबल बीचजवळ गोल्फ’. पुण्याहून मामांचं उत्तर ताबडतोब येतं. मामा चाळीस वर्षं नगरपालिकेचा नळ सोसलेले. “म्युनिसिपालटीचं मैदान आणि एवढं हिरवं? पाणी कुठनं आणतात?” यानं कळवलं की गावचं सांडपाणी शुद्ध करून तेच गवताला घालतात. मामांचा पुढचा प्रश्न: “मग ते सहाशेवाले काय घालतात?”

यानं तिथंच पार्किंगमध्ये उभ्या उभ्या शोधलं. तेही शुद्ध केलेलं सांडपाणीच! १९९४ पासून.

तेव्हापासून भाषणात तिसरा मुद्दा आलेला आहे. डोकं तेच, समुद्र तोच, आणि जरा थांबून, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून, “सांडपाणीसुद्धा तेच हो!”