मांडव कुठे घालायचा?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून जेवढी शाई सांडते, तेवढी स्थळावरून सांडत नाही. खरे तर उलट व्हायला हवे. अध्यक्षांचे भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचून भागते. जेवणाच्या रांगेत मात्र स्वतःलाच उभे राहावे लागते.

सुरुवातीला हा घोर नव्हता. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिले ग्रंथकार संमेलन भरले, ते पुण्यात, हिराबागेत. बरेचसे ग्रंथकार पुण्याचेच, तेव्हा उतरायला खोल्या कशाला? १८८५ चे दुसरे संमेलनही पुण्यातच. त्याचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले आणि त्यांनी ते पत्र पाठवून नाकारले. त्यांची तक्रार जागेबद्दल नव्हती, जागेवर बसणाऱ्यांबद्दल होती.

आता पद्धत निराळी. गावोगावच्या संस्था साहित्य महामंडळाकडे निमंत्रणे धाडतात आणि स्थळ निवड समिती पाहणीला निघते. यजमान मैदान दाखवतात, नाट्यगृह दाखवतात, पोह्यांवर आग्रहाने शेव घालतात. स्वच्छतागृहांचे काय, असे विचारले की उत्तर येते, “होऊन जाईल हो!” कविकट्ट्याची जागा मुख्य मंडपापासून पुरेशी लांब आहे ना, हे जाणकार सदस्य हळूच पाहून घेतात. कविता रात्री किती वाजता संपेल, हे कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेच्या हातात नसते.

ऋतूचेही पाहावे लागते. उदगीरचे संमेलन २०२२ च्या एप्रिलअखेरीस झाले. एप्रिलात मराठवाड्यात दुपारचा परिसंवाद म्हणजे विषय कोणताही असो, सगळ्यांचे लक्ष पंख्याकडे.

२०१५ मध्ये संमेलन पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला गेले. कारण भक्कम होते: संत नामदेवांचे तिथे वास्तव्य होते आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. पण प्रकाशकांनी रोकडा सवाल केला, की तिथे मराठी पुस्तके विकत घेणार कोण? नामदेवांना हा प्रश्न पडला नसावा. त्यांना स्टॉलचे भाडे भरायचे नव्हते.

दिल्लीची तऱ्हा आणखी वेगळी. १९५४ नंतर थेट २०२५ मध्ये तिथे पुन्हा संमेलन भरले, तालकटोरा स्टेडियममध्ये. याच तालकटोऱ्याच्या परिसरात १७३७ मध्ये बाजीरावाच्या फौजेची छावणी पडली होती. फौजेला निवास समिती लागली नाही, भोजन समितीही नाही आणि स्वागताध्यक्ष तर नाहीच. साहित्यिकांना यातल्या एकावाचूनही दिल्ली गाठता येत नाही.

साताऱ्याचे ९९वे संमेलन जानेवारी २०२६ मध्ये पार पडले. आता शंभराव्याची पाळी. निमंत्रणे देणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या मंडळींनी एवढे करावे: मंडपाचा आकार, कमानीची उंची, व्यासपीठावरच्या खुर्च्यांची संख्या यांवर हवा तेवढा वाद घालावा; पण ग्रंथप्रदर्शन मैदानाच्या टोकाला, गाड्यांच्या तळापलीकडे ढकलू नये. ते भोजनमंडपाच्या ऐन वाटेवर ठेवावे. पुस्तकांच्या गाळ्यांमधून गेल्याशिवाय कोणालाही जिलेबीपर्यंत पोहोचता येणार नाही, अशी जागा ज्या गावात असेल, ते गाव डोळे मिटून निवडावे.