भट्टीवाले तात्या

शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत उभा जन्म काढून घरी बसलेला माणूस कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतो. आमच्या गल्लीत त्याला तात्या म्हणतात, तुमच्याकडं आण्णा असेल. १४०० अंशांचा लालभडक रस साच्यात ओतलेला हा गडी निवृत्तीनंतर भट्टीविना नुसता कासावीस. मग सुनेनं पिझ्झासाठी गच्चीवर ५०० अंशांपर्यंत तापणारा गॅसचा छोटा ओव्हन आणला आणि तात्यांना पुन्हा नोकरी लागली. बिनपगारी, पण साहेबाची.

ओव्हन पेटण्याआधी तात्यांचा राउंड होतो. दोरीवरच्या साड्या उतरतात. सिलिंडरच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघतात. नायलॉनचा गाऊन घालून आलेली सून जिन्यातूनच परत फिरते. "सुती घालून ये. ह्ये वितळून अंगाला चिकटतंय." नातवासाठी खडूची रेषा. ती ओलांडली की गॅस बंद, चर्चा नाही.

त्यांचा खरा राग ओल्या फडक्यावर. गरम ताट कोणी तसल्या फडक्यानं धरायला गेलं, की आवाज रंकाळ्यापर्यंत जावा. "त्यातल्या पाण्याची वाफ हुतीया आन् हात शिजतोय, लेका!" मग ओलसर साच्यात रस पडल्यावर कसा भडका उडतो, ती हकिगत पहिल्यापासून. एवढ्या आचेवर पिझ्झा दीड मिनिटात भाजतो आणि हकिगत दहा मिनिटं चालते, त्यामुळं त्या घरात पिझ्झा काळाच खातात.

चिडायची सोय नाही, कारण म्हातारा चुकत नाही. सुनेनं बटर पेपर काढला तर त्यांनी तिच्याकडूनच खोक्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून घेतली. फक्त २२० अंशांपर्यंत. तिनं मुकाट्यानं कागद खाली नेला. भाजल्यावर टूथपेस्ट लावणाऱ्या शेजारणीला तात्यांनी एकदा जिन्यातच अडवलं होतं. "आधी २० मिनिटं नळाखाली हात. बर्फ न्हाय, हळद न्हाय." आता नळाला पाणी कधी येईल ते पालिकेलाच ठाऊक, म्हणून गच्चीवर भरलेली बादली कायमची. त्या बादलीत हात धुतलेलं मात्र चालत नाही.

पंचाईत होते ती खाली, स्वयंपाकघरात. काकू तापल्या तव्यावरची भाकरी उघड्या बोटांनी उलटतात. कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे चढवलेले तात्या दारातूनच तापमापकाची बंदूक तव्यावर रोखतात.

"दोनशे चाळीस! अगं, बोटं जातील."

"चाळीस वर्षं उलटतो मी. तुमच्या बंदुकीला येती का उलटाय? मग सरका, करपाय लागली."

तात्या आकडा वहीत लिहितात आणि हातमोजे न काढताच पाटावर बसतात.